तगादा आणि हुकूमनामा

मंडळी, या वीकेंडला कोड बाजूला आणि इतिहास पुढ्यात. निमित्त मात्र घरचंच आहे.

तर झालं असं. चार महिन्यांपूर्वी एका शनिवारी सकाळी सकाळी आईचा फोन. "तुझ्या नावाचा कागद आलाय. आण्णांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही." मी पुण्यात, घर जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात. मिळेल ती बस पकडली.

कागद एका वसुली एजन्सीच्या वकिलाचा होता. वर तराजूचं चित्र, लाल अक्षरांत 'अंतिम सूचना', खाली 'जप्ती', 'फौजदारी कारवाई', '7 दिवसांत'. कॉलेज संपताना घेतलेलं एक क्रेडिट कार्ड मी वापरणं सोडलं होतं, पण रीतसर बंद केलं नव्हतं. त्याच्या वार्षिक शुल्काचे 590 रुपये फुगून 11,340 झाले होते. चूक माझी होतीच, नाही म्हणत नाही.

आण्णा म्हणाले, "देऊन टाक. कागद आला म्हणजे कोर्ट आलं." आमच्या लोखंडी पेटीत निजामाच्या काळातला एक कर्जरोखा आहे. उर्दूत लिहिलेला, खाली पणजोबांचा अंगठा. तो घरात कुणालाच कधी वाचता आला नाही. त्यात चार एकर गेले, एवढंच सगळ्यांना माहीत. तेव्हा आण्णांची भीती उगाच नव्हती. आणि कागद व कोर्ट यांत नेमका फरक काय, हे मलाही धड सांगता येईना. म्हणून वाचायला बसलो, तो थेट पेशवाईत जाऊन पोचलो :-)

आज जालन्याच्या कलेक्टर कचेरीसमोर लोक 'धरणे' धरतात. हा शब्द मुळात वसुलीचा. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा. तो जेवत नाही तोवर घरातल्यांनीही जेवायचं नाही. दारात माणूस मेला तर पाप घरमालकाच्या माथी! शिंद्यांच्या लष्करात 1809 साली राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने अशा धरण्यांचं वर्णन करून ठेवलंय. इंग्रजांना हा प्रकार इतका खुपला की 1860 च्या भारतीय दंडसंहितेत, कलम 508 खाली, दारात धरणं धरून बसणारा माणूस हे चक्क उदाहरण म्हणून घातलं गेलं.

आमच्या मोगलाईत याहून कडक मामला होता. निजामाच्या राज्यात अरब जमादार आणि रोहिले व्याजाने पैसे लावत आणि हत्याराच्या धाकावर वसूल करत. अरब जमादार ऋणकोंना स्वतःच कोंडून ठेवत. 1853 साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने हे अधिकार हळूहळू काढून घेतले. 'पठाणी वसुली' हा शब्द आपल्याकडे अजून वापरतात. (सावकार मात्र सगळ्याच जातीधर्मांचे होते, उगाच कुणा एकाच्या नावाने बिल फाडू नये.)

गोदावरीच्या वरच्या अंगाला, नदीपलीकडे, इंग्रजांचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा होता. तिथे रोहिला नव्हता, तर कोर्ट होतं. म्हणजे कुणब्याचं बरं चाललं असेल असं वाटतं ना? तसं नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 65) कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडले, त्यात सरकारने सारा वाढवला. आणि 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीनच वर्षं दिली होती. कायदा कुणब्याच्या भल्यासाठी, पण झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहून घ्यायचा. कुणबी न वाचताच अंगठा द्यायचा.

पुढे दावा लागला की समन्स यायचं. कोर्ट लांब, खर्च परवडत नाही, जाऊन तरी काय बोलणार? तो जायचाच नाही. बहुतेक दावे एकतर्फी निकाली निघत. मला वाटतं सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. सावकाराच्या तगाद्याने जमीन जात नव्हती, ती हुकूमनाम्याने जात होती, आणि हुकूमनामा निघायचा तेव्हा ऋणको कोर्टात नसायचा.

1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी बाबासाहेब देशमुखांचं घर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनाम्याने गेलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. 12 मे 1875 रोजी सुपे गावात (आताचा बारामती तालुका) आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे मागून घेऊन जाळले. दुकानंही लुटली गेली, पण मुख्य राग होता तो कागदावर. हेच ते दख्खनचे दंगे.

चौकशी आयोग बसला आणि 1879 चा दख्खन कृषक कर्जनिवारण कायदा आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चारच जिल्ह्यांत. मला तो वाचताना भारी वाटला. न्यायाधीशाने रोख्यावर विसंबायचं नाही, मूळ व्यवहारापासून हिशोब तपासायचा. प्रतिवादीला बोलावून त्याचं म्हणणं ऐकायचं. सावकाराने पावती द्यायची, मागितल्यास हिशोबाचा उतारा द्यायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. मुदतही वाढवली, म्हणजे रोखे फिरवायचं निमित्त गेलं. कायद्याने सावकारी संपली नाही हे खरं. आणि आमच्या बाजूला, निजामाच्या राज्यात, असे कायदे यायला 1930 चं दशक उजाडलं.

हे आता फक्त शेतकऱ्यांपुरतं राहिलेलं नाही. इंग्लंडात ऑनसाइट गेलेले मित्र खाजगी पार्किंगवाल्यांच्या दंडाची पत्रं दाखवतात. 'फेकून दे, काही होत नाही' हा तिथला आवडता सल्ला. पण चेल्म्सफर्डमध्ये 56 मिनिटं जास्त गाडी ठेवणाऱ्या एका गृहस्थांचा 85 पौंडांचा दंड 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. पत्र म्हणजे निकाल नव्हे, पण ते फेकून दिल्याने प्रश्न मिटतो असंही नाही.

आपल्याकडेही आज नियम आहेत. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2022 साली बजावलंय. केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच सांगितलं. साध्या कर्जाच्या दाव्याला आजही तीन वर्षांची मुदत आहे, आणि मुदतीत लेखी कबुली दिली की ती पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणून उत्तर देताना शब्द जपून वापरावेत. पण खरोखरीचं समन्स आलं, तर काय वाट्टेल ते करून हजर राहावं.

असो. मी काय केलं? बँकेला आणि त्या वकिलाला स्पीड पोस्टाने एक पानी पत्र पाठवलं. 'मूळ रक्कम किती, कधीची, त्यावर काय काय लावलं, सगळा उतारा पाठवा.' 1879 च्या कुणब्याला मिळालेला हक्क, तोच वापरला. एजन्सीचं उत्तर आलं नाही. बँकेचा उतारा महिन्याने आला. 590 वर विलंबशुल्क, त्यावर व्याज, त्यावर पुन्हा विलंबशुल्क. मी हरकत घेतली, दोन-चार पत्रं झाली, आणि शेवटी 590 भरून खातं बंद झालं. 'काही देणं बाकी नाही' असं पत्र घरच्या पत्त्यावर मागवलं.

ते आलं तेव्हा मी गावीच होतो. आण्णा पेटी उघडून बसले, पत्र हातात घेतलं आणि मला परत दिलं.

"आधी वाचून दाखव," म्हणाले. "सगळं. बारीक अक्षरातलं पण."

वाचून दाखवलं. मग त्यांनी ते घडी घालून त्या जुन्या उर्दू कागदावर ठेवलं.