प्रोसेसर घोषित वेगापेक्षा मंद का चालतो? कारणे, तपासणी आणि उपाय

बोम्मसंद्रा (बेंगळुरू) : डेस्कटॉप संगणक खरेदी करताना माहितीपत्रकात ‘४.४ गिगाहर्ट्‌झ’ असा वेग नमूद केलेला असतो. प्रत्यक्षात मात्र पडद्यावर कधी २.५, तर कधी ०.८ असा आकडा दिसतो. अशा वेळी प्रोसेसर निकामी झाला किंवा विक्रेत्याने फसवणूक केली, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. तथापि, यातील बहुतेक कारणे संगणकाच्या मांडणीत, हवेच्या मार्गात अथवा एखाद्या विस्मृतीत गेलेल्या सेटिंगमध्ये दडलेली असतात आणि ती दूर करण्यासाठी नवा प्रोसेसर घ्यावा लागत नाही.

होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे असलेले बोम्मसंद्रा ही बेंगळुरूच्या दक्षिण टोकाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. ‘नम्म मेट्रो’ची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये येथपर्यंत सुरू झाली. याच बेंगळुरू शहरात प्रोसेसरची रचनाही केली जाते. इंटेलच्या सहा गाभ्यांच्या, सुमारे १.९ अब्ज ट्रान्झिस्टर असलेल्या ‘झिऑन ७४००’ मालिकेची रचना येथील अभियंत्यांनी केली होती. ही मालिका सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आली. एएमडी कंपनीनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूत मोठे संशोधन केंद्र सुरू केले. मात्र प्रयोगशाळेत ठरलेला वेग कारखान्याच्या कोपऱ्यातील टेबलावर मिळेलच, याची हमी रचनाकार देऊ शकत नाही. यंत्रभागांची रेखाचित्रे, देयके आणि साठ्याचा हिशेब एकाच डेस्कटॉपवर सांभाळणाऱ्या लघुउद्योजकाला, तसेच काटकसरीने संगणक घेतलेल्या विद्यार्थ्याला अनावश्यक खर्चापासून वाचविण्यासाठी ही माहिती येथे देण्यात येत आहे.

घोषित वेग म्हणजे काय?

एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके. प्रोसेसरचा वेग दोन संख्यांच्या गुणाकारातून ठरतो : मदरबोर्डकडून मिळणारा मूळ ठोका आणि प्रोसेसरमधील गुणक. आजच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये मूळ ठोका १०० मेगाहर्ट्‌झचा असतो. गुणक ३६ असल्यास वेग ३.६ गिगाहर्ट्‌झ होतो.

आज एकाच प्रोसेसरसाठी दोन वेग जाहीर केले जातात. इंटेलच्या ‘कोअर आय-५ १२४००’ या प्रोसेसरचा पायाभूत वेग २.५, तर कमाल टर्बो वेग ४.४ गिगाहर्ट्‌झ आहे. एएमडीच्या ‘रायझेन ५ ५६००’ साठी हे आकडे अनुक्रमे ३.५ आणि ४.४ असे आहेत. पायाभूत वेग हा नेमून दिलेल्या वीजमर्यादेत दीर्घकाळ टिकणारा वेग होय. टर्बो वेग हा तापमान, वीज आणि कामाचे स्वरूप अनुकूल असतानाच गाठला जातो, तोही बहुधा एक-दोन गाभ्यांवर. जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा छापला जातो. सर्व गाभे कामात असताना ४.४ ऐवजी ४ गिगाहर्ट्‌झ दिसणे हा दोष नव्हे.

या गोंधळाला जुना इतिहास आहे. एएमडीने ऑक्टोबर २००१ मध्ये ‘अ‍ॅथलॉन एक्सपी’ प्रोसेसर आणले, तेव्हा त्यांच्या नावातील आकडा प्रत्यक्ष वेगाचा नव्हता. त्या मालिकेतील ‘२५००+’ या प्रोसेसरचा खरा वेग १,८३३ मेगाहर्ट्‌झ होता. मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपून सेटिंग मूळ पदावर गेल्यास हाच प्रोसेसर १६६ ऐवजी १०० च्या ठोक्यावर, म्हणजे ११ या गुणकाने १,१०० मेगाहर्ट्‌झवर चालत असे. प्रोसेसर निर्दोष असूनही वेगाचा चाळीस टक्के भाग केवळ एका सेटिंगमुळे वाया जाई.

प्रथम मोजणी करावी

कोणताही भाग उघडण्यापूर्वी वेगाची नोंद घ्यावी. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या विभागात सीपीयू निवडल्यास चालू वेग आणि पायाभूत वेग दोन्ही दिसतात. खात्रीसाठी ‘सीपीयू-झेड’ अथवा ‘एचडब्ल्यू-इन्फो’ यांसारखा विनामूल्य प्रोग्राम वापरावा. दुसऱ्या प्रोग्राममध्ये तापमानही कळते. प्रथम संगणक रिकामा असताना आणि नंतर सर्व गाभ्यांवर दहा मिनिटे पूर्ण भार देऊन, अशी दोनदा नोंद करावी. त्यातून पुढील तीनपैकी एक चित्र स्पष्ट होते.

पहिले चित्र : रिकाम्या अवस्थेत वेग ०.८ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, पण भार येताच तो वाढतो आणि टिकतो. येथे कोणताही बिघाड नाही. वीज वाचविण्यासाठी प्रोसेसर स्वतःहून वेग व विद्युतदाब कमी करतो. विजेचा वापर वेगाच्या पटीत, तर विद्युतदाबाच्या वर्गाच्या पटीत बदलत असल्याने ही बचत लक्षणीय असते. ही सोय बंद करण्याची गरज नाही.

दुसरे चित्र : आरंभी वेग चांगला असतो, परंतु काही सेकंदांत वा मिनिटांत घसरतो. येथे उष्णता किंवा वीजमर्यादा हे कारण समजावे.

तिसरे चित्र : भार असो वा नसो, वेग पहिल्या क्षणापासून एकाच खालच्या आकड्यावर अडकलेला असतो. येथे सेटिंग तपासावे.

उष्णतेमुळे येणारी मंदी

प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोहोचला की स्वसंरक्षणासाठी वेग कमी करतो. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. रायझेन ५००० मालिकेत ती बहुतांशी ९०, तर रायझेन ७००० मालिकेत ९५ अंश आहे. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ मध्येही असे संरक्षण होते. ते नसते तर बंद पडलेल्या पंख्याने प्रोसेसर जाळून टाकला असता. म्हणजेच मंदी हा आजार नसून आजाराचे लक्षण आहे.

येथे स्थळाचा प्रश्न येतो. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक भाराखालील वाढ, असे ढोबळपणे म्हणता येते. समजा, धूळ साचलेल्या हीटसिंकमुळे ही वाढ ५५ अंश आहे. बेंगळुरूच्या २७ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८२ अंशांवर राहील आणि तक्रार उद्‌भवणार नाही. तोच संच चंद्रपूर किंवा नागपूर येथे मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत ठेवल्यास १०० अंशांची मर्यादा गाठेल व वेग घसरेल. हिवाळ्यात सुरळीत चालणारा संगणक उन्हाळ्यात मंदावतो, त्याचे हेच कारण आहे. बेंगळुरूही याला अपवाद नाही. एप्रिल २०१६ मध्ये तेथे ३९.२ अंश तापमान नोंदले गेले होते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. संगणक बंद करून वीजपुरवठ्याची तार काढावी. पंखा फिरतो का, हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ बसली आहे का, हे पाहावे. ब्लोअरने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा, अन्यथा तो अतिवेगाने फिरून खराब होऊ शकतो. कारखान्यात धातूचा बारीक कीस उडत असल्यास विशेष दक्षता घ्यावी. हा कीस वीजवाहक असल्याने केवळ वेगच कमी होत नाही, तर मदरबोर्डवर शॉर्टसर्किट होण्याचाही धोका असतो. असा संगणक यंत्रांपासून दूर, जमिनीपासून वर ठेवावा. तो बंद कपाटात मात्र ठेवू नये.

इंटेलच्या अनेक प्रोसेसरसोबत मिळणारा पंखा प्लास्टिकच्या चार खिळ्यांनी मदरबोर्डवर बसतो. वाहतुकीत किंवा साफसफाईत त्यातील एक खिळा सुटला, तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि तापमान झपाट्याने वाढते. चारही खिळे पक्के आहेत का, हे मदरबोर्डच्या मागील बाजूनेही पाहावे.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधील थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. एएमडीच्या एएम-४ सॉकेटमध्ये हीटसिंक सरळ वर ओढल्यास चिकटलेला प्रोसेसरही सॉकेटमधून उपटला जाऊन त्याच्या पिना वाकू शकतात. म्हणून संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, संगणक बंद करावा आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा.

वीजमर्यादा

तापमान योग्य असूनही वेग घसरत असल्यास विजेचा विचार करावा. वर उल्लेखलेल्या ‘१२४००’ ची पायाभूत वीजमर्यादा ६५ वॉट आणि टर्बो अवस्थेतील मर्यादा ११७ वॉट आहे. अनेक संच अल्पकाळ वरची मर्यादा वापरू देतात व नंतर ६५ वॉटवर येतात. त्यानंतरही वेग पायाभूत आकड्याच्या वर असेल, तर संच नियमाप्रमाणे चालत आहे.

स्वस्त मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरविणारे घटक हीटसिंकविना असतात. ते तापल्यास मदरबोर्ड प्रोसेसरला वेग कमी करण्याचा संकेत देतो. प्रोसेसर ७० अंशांवर असतानाही वेग कोसळतो, तो यामुळेच. खोक्यात हवा खेळती ठेवणारा एक पंखा वाढविणे हा येथे सोपा उपाय आहे. काही छोट्या संचांमध्ये मूळ अ‍ॅडॉप्टर ओळखला गेला नाही, तर प्रोसेसर किमान वेगावर रोखून धरला जातो.

सेटिंगमुळे अडकलेला वेग

विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्के आहे का, ते पाहावे. तेथे ९९ टक्के असले, तरी अनेक संचांत टर्बो पूर्णपणे बंद होतो. पंख्याचा आवाज कमी करण्यासाठी कोणी तरी हा बदल केलेला असतो आणि नंतर तो विसरला जातो.

त्यानंतर बायोसमध्ये टर्बो सुरू आहे का, गुणक हाताने बदललेला आहे का, हे तपासावे. शंका असल्यास मूळ सेटिंग पुन्हा लागू करावे. दररोज तारीख-वेळ चुकत असल्यास मदरबोर्डवरील ‘सीआर २०३२’ ही ३ व्होल्टची बॅटरी बदलावी. जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसविला असेल, तर बायोस अद्ययावत करावे लागते. या कामाच्या मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. त्यामुळे यूपीएसशिवाय ते करू नये.

अधिक वेगाच्या हव्यासापोटी वीजमर्यादा काढून टाकणेही हितावह नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरना वाढीव विद्युतदाबामुळे कायमची हानी पोहोचत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कंपनीने त्यावर बायोसद्वारे सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली.

वेग योग्य, तरी काम मंद

आकडा बरोबर असूनही संगणक रेंगाळत असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. फिरती हार्ड डिस्क, अपुरी मेमरी किंवा पडद्यामागे चालणारे प्रोग्राम हे नेहमीचे कारण असते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास जुन्या संगणकात सर्वाधिक फरक जाणवतो. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या त्रुटींवरील सुरक्षा उपायांमुळे काही कामे मंदावली, परंतु गिगाहर्ट्‌झचा आकडा तोच राहिला.

खरेदी करताना दक्षता

१९९० च्या दशकात कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा आकडा छापून विकण्याचे प्रकार जगभर घडले. पुढे गुणक कुलूपबंद झाल्याने ते आटोक्यात आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथे वापरलेला संच घेताना प्रोसेसरचे नाव वेष्टनावर नव्हे, तर बायोसमध्ये वाचावे. देयकावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. देयकातील मॉडेल व प्रत्यक्ष मॉडेल भिन्न आढळल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सारांश, आधी मोजणी, मग धूळ व पंखा, त्यानंतर विंडोज आणि बायोसचे सेटिंग, पुढे थर्मल पेस्ट व बॅटरी, असा क्रम ठेवावा. यातील पहिल्या तीन पायऱ्यांना जवळजवळ खर्च येत नाही, तर उरलेल्या दोन अल्प खर्चात होतात. एवढे करूनही पूर्ण भाराखाली पायाभूत वेग मिळत नसेल, तरच मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदलण्याचा विचार करावा. हमीची मुदत शिल्लक असल्यास तापमान आणि वेगाच्या नोंदी घेऊनच सेवा केंद्रात जावे.