नाथमाधव, शिवनेरी आणि एका मुलाचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील आठवी-नववीच्या मुलांना घेऊन आम्ही जुन्नरला शिवनेरीवर गेलो होतो. सातही दरवाजे मागे टाकून अंबरखान्याच्या सावलीत मुलांनी डबे सोडले. त्यांतील एकाच्या पिशवीत नाथमाधवांच्या स्वराज्यमालेतील एक कादंबरी होती. पुठ्ठा निखळलेली, आजोबांच्या कपाटातली. त्याने विचारले, "फादर, ह्यात लिहिलंय ते सगळं खरंच घडलं का?" आम्ही घाईघाईने उत्तर दिले, "काही खरं, काही कल्पनेतलं." त्यावर तो म्हणाला, "मग कुठलं काय, ते ओळखायचं कसं?" या दुसऱ्या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. पुढे वाचन आणि विचार करता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. १८८२ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. शिक्षण इंग्रजी सहाव्या इयत्तेपर्यंतच झाले आणि कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. १९०५ साली शिकारीसाठी ते सिंहगडावर गेले असता कड्यावरून कोसळले. प्राण वाचले; पण कमरेखालचे अंग लुळे पडले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. शरीर जागच्या जागी खिळल्यावर त्यांनी वाचनाचा आणि मग लेखणीचा आधार घेतला. १९०८ साली 'प्रेमवेडा' ही त्यांची कादंबरी आली. त्यानंतर 'सावळ्या तांडेल', 'वीरधवल', 'सोनेरी टोळी', 'डॉक्टर' आणि शिवकालावरील स्वराज्यमाला त्यांनी लिहिली. १९२८ साली त्यांचे निधन झाले. 'वीरधवल'ने कित्येक पिढ्यांतील मुलांच्या झोपा उडवल्या. स्वराज्यमालेने त्याच मुलांना गडकोटांची ओढ लावली. ज्या गडाने त्यांचे पाय हिरावून घेतले, त्याच गडांकडे त्यांनी इतरांची पावले वळवली, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटते.

ही वाट त्यांच्या आधीच मळलेली होती. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणली जाणारी 'यमुनापर्यटन' आपल्या ख्रिस्ती समाजातील बाबा पदमनजींनी १८५७ साली लिहिली. तिचा विषय विधवांचे दुःख हा होता. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, म्हणजे १८७१ पासून, मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून 'उषःकाल' लिहून तिला प्रौढत्व दिले. परसत्तेखाली मान खाली घालून वावरणाऱ्या समाजाला या लेखकांनी स्वतःच्या पूर्वजांची ओळख करून दिली. हे ऋण लहान नाही.

तथापि त्यांच्या हाती असलेली साधने अपुरी होती. शिवाजी महाराजांच्या जन्माचेच पाहा. बखरींच्या आधारे १६२७ हे साल रूढ होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याची शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस निघाला. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'नेही त्याला दुजोरा दिला. हरिभाऊंनी 'उषःकाल' लिहिली तेव्हा हा कागद जेध्यांच्या दप्तरात बांधलेला होता. दुसरे उदाहरण सिंहगडाचे. १६७० साली तानाजी मालुसरे पडले आणि म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, ही समजूत 'गड आला पण सिंह गेला' या कथेने घरोघरी पक्की केली. परंतु त्याआधीच्या पत्रांतही सिंहगड हे नाव आढळते. याने तानाजींचे शौर्य तिळभरही उणे होत नाही. उणे होते ते केवळ आपले ऐकीव ज्ञान.

आता शिवनेरीकडे वळू. इथे जन्मलेल्या बालकाने पुढे विजयी होऊन हाच गड सर करावा, असे कोणत्याही कादंबरीकाराला वाटेल. इतिहासाने ही इच्छा पुरवली नाही. १६३६ साली निजामशाही बुडाली, तेव्हा शहाजीराजांना जे किल्ले सोडावे लागले त्यांत शिवनेरी होता. १६५७ साली महाराजांनी रात्री दोरीच्या शिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला. तीन लाख होन आणि दोनशे घोडे त्यांच्या हाती लागले. शहर लुटले गेले, पण डोक्यावरचा गड मोगलांकडेच राहिला. पुढे तो घेण्याचे प्रयत्नही फसले. १६७५ साली इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मोगल सुभेदाराच्या घरी उपचारासाठी जुन्नरला आला आणि गडावरही जाऊन आला. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतके धान्य तिथे असल्याचे तो सांगतो. महाराजांच्या हयातीत त्यांचे जन्मस्थान स्वराज्यात आले नाही ते नाहीच. हा सल कोणत्याही कल्पित विजयापेक्षा आम्हांस अधिक हृदयस्पर्शी वाटतो.

याच गडावर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची मुंडकी तेथे उडवली गेली, अशी परंपरा सांगते. त्यांचेच वंशज आजही जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात राहतात. आंबेगावातील जांभोरीच्या होन्या केंगलेने सावकारी पाशाविरुद्ध बंड केले आणि १८७६ साली तो पकडला गेला. राजे-सरदारांच्या कथांवर पोसलेल्या आमच्या मुलांना होन्याचे नाव विचारले, तर ती एकमेकांकडे पाहू लागतात. कादंबरीकार काय लिहितो हे जसे पाहावे, तसेच तो कोणाला वगळतो हेही पाहावे.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. मंचर-घोडेगावची वाट धरून, आंबेगावचा डोंगर चढून भीमाशंकरास गेले की मंदिराशी एक मोठी युरोपीय घडणीची घंटा दिसते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या मोहिमेतील घंटांपैकी ती एक म्हणून ओळखली जाते. विजयाची कथा लिहिणारा तिच्यात मराठ्यांचा पराक्रम पाहील, आणि तो खराच आहे. वसईचा ख्रिस्ती भाविक तिच्यात आपल्या मूक झालेल्या देवळाचा आवाज ऐकेल. तोही खोटा नाही. पोर्तुगीजांनी इतरधर्मीयांवर केलेली सक्ती त्याला विसरता येणार नाही, आणि वसईच्या तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली गेली होती, हेही विसरता येणार नाही. एकाच घंटेत इतके स्वर आहेत. मुलाच्या हाती त्यांतला एकच स्वर देणारे पुस्तक, ते आपल्या बाजूचे असले तरी, अपुरेच म्हणावे लागेल.

सेमिनरीत असताना आमच्या गुरुजनांनी एक नियम घालून दिला होता: शास्त्रग्रंथातील उतारा वाचताना आधी त्याचा साहित्यप्रकार ओळखा. दयाळू शोमरोनी कोणत्या सालचा, हे कोणी विचारीत नाही. तरी तो दाखला खोटा ठरत नाही. राजांच्या इतिहासाकडे मात्र आपण वेगळ्या दृष्टीने पाहतो. कादंबरीलाही हाच नियम लागू आहे. माणसाची भीती, निष्ठा, लोभ आणि त्याग कसे असतात, हे तिला विचारावे. साल, नाव आणि संख्या मात्र कागदांना, शिलालेखांना आणि दगडांना विचारावी.

म्हणून त्या मुलाला आज आम्ही म्हणू, "बाळा, पुस्तक वाच, त्यात रमून जा, आणि मग गडावर येऊन त्याची उलटतपासणी कर. लेखकावर प्रेम करायला हरकत नाही. पण त्याच्या शब्दावर मुकाट्याने शिक्का मारू नकोस." अशा वाचकाने प्रश्न विचारले, तर नाथमाधवांना वाईट वाटले असते असे आम्हांस वाटत नाही. पालकांनो, घरातील जुन्या कपाटात अशी पुस्तके असतील तर ती रद्दीत घालू नका. मुलांच्या हाती द्या, आणि एखाद्या रविवारी मिस्सानंतर त्यांच्यासोबत गडही चढा.