शिधापत्रिकेवरचे नाव

घराची वाटणी होते तेव्हा भांडी मोजली जातात, जमिनीचे तुकडे पडतात, दाव्याच्या बैलालाही मालक ठरतो. पण नवराबायको वेगळी झाली आणि त्याच आठवड्यात पोर तापाने फणफणले, तर औषधाचा पैसा कोणी द्यायचा? हा प्रश्न कुठल्याच वाटणीपत्रात लिहिलेला नसतो. इतिहासाच्या पुस्तकातही तो सापडत नाही. म्हणूनच आज मी त्याविषयी बोलणार आहे, आणि तेही सातारा-सांगलीकडचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून. 1949 पर्यंत हा मुलूख बराचसा एकाच जिल्ह्यात होता. त्या साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

आपल्याकडे काडीमोड ही गोष्ट नवी नाही. अनेक समाजांत ती रूढीनेच होती. पंच बसत, लग्नाचा खर्च आणि अंगावरचे दागिने यांचा हिशेब होई. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 साली काडीमोडीला कायद्याचे रूप दिले. पण पंचांपुढे मूल आले, तर ते कोणाच्या वंशाचे एवढेच पाहिले जाई. ते आजारी पडले तर काय, हे विचारायचे कोणाला सुचत नसे. त्या काळी औषध म्हणजे आजीबाईचा बटवा, आणि त्याला पैसा लागत नसे.

सरकारी कायदा आला तो वेगळ्या वाटेने. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 488 हे कलम होते. ऐपत असून जो मनुष्य बायकोमुलांना पोसत नाही, त्याला मॅजिस्ट्रेटने दरमहा रक्कम द्यायला लावावी, असे ते कलम सांगे. रकमेची मर्यादा होती महिना 50 रुपये. 1923 मध्ये ती 100 झाली आणि 1955 मध्ये 500. माणूस उघड्यावर पडू नये, एवढाच या कलमाचा हेतू होता. त्यामुळे त्यात पोटाचा विचार होता. पण आजार काही महिन्याच्या महिन्याला हप्त्याने येत नाही. तो येतो तो एकदम, आणि बहुधा रात्री!

मध्यंतरी या भागात एक विलक्षण प्रयोग झाला. 1943 पासून 1946 पर्यंत नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साताऱ्यात प्रतिसरकार चालवले. गावोगावी न्यायदान मंडळे बसली. तिथे जमिनीचे, सावकारीचे तंटे येत, तसेच घरातलेही येत. बायको टाकून दिलेला मनुष्य गावापुढे उभा राहू लागला. कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे तालुक्याला जायचे, वकील करायचा. इथे न्याय गावच्या पारावर आला होता. प्रयोग थोड्याच वर्षांचा. पण टाकलेल्या बाईचे दुःख ही केवळ तिच्या माहेरची नव्हे, तर गावाची जबाबदारी आहे, ही जाणीव त्याने मागे ठेवली.

स्वातंत्र्यानंतर 1956 साली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा झाला. यात एक छोटीशी व्याख्या आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. निर्वाह म्हणजे काय? तर अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, आणि वैद्यकीय सेवा व उपचार. म्हणजे लेकराचे औषध हा बापाचा उपकार नव्हे, निर्वाहाचाच भाग आहे, असे कायद्याने लिहून ठेवले. आईबाप एकत्र राहोत वा न राहोत. पुढे 1973 च्या संहितेत 488 कलमाचे 125 झाले आणि 2001 मध्ये पाचशे रुपयांची मर्यादा उठली. तेव्हाच अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल शक्यतो 60 दिवसांत लागावा असेही ठरले. 1 जुलै 2024 पासून हेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 या क्रमांकाने आले आहे. क्रमांक बदलले, पण कोर्टाची तारीख आणि लेकराचा ताप यांची गाठ अजूनही क्वचितच पडते.

मग आई काय करत असे? ती दवाखान्याची वाट धरत असे. या बाबतीत हा मुलूख नशीबवान म्हणायचा. मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभारले आणि लांबलांबून बैलगाड्या तिथे येऊ लागल्या. 1962 मध्ये मिरजेतच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर रोग्याचे नाव, वय आणि गाव लिहिले की काम भागते. बाप कुठे आहे, हे तिथे सहसा कोणी विचारत नाही. सार्वजनिक वैद्यकीय मदतीचा मोठेपणा मला इथे दिसतो. तिला घरातले भांडण ठाऊकच नसते.

पण खोकला-तापाचे भागते, हृदयाच्या शस्त्रक्रियेचे भागत नाही. त्यासाठी राज्याने 1997 साली जीवनदायी योजना काढली. तिचेच मोठे रूप 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाले आणि 21 नोव्हेंबर 2013 पासून सातारा-सांगलीसह उरलेल्या जिल्ह्यांत आले. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. 2017 पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. या योजनेचे दार उघडायची किल्ली कोणती? पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका. आता शब्द नीट पाहा. विमा होता तो कुटुंबाचा. आणि कुटुंब म्हणजे कोण, हे ठरत होते शिधापत्रिकेवरच्या नावांनी. आई लेकराला घेऊन माहेरी आली, तरी दोघांची नावे राहिली सासरच्या कार्डावर, आणि ते कार्ड सासरच्या फडताळात!

इथे इतिहास पुन्हा आपल्या मुलखात येतो. 1980 नंतरच्या दशकात वाळवे तालुक्यातल्या कासेगावहून स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. इंदुताई पाटणकर तिच्यात पुढे होत्या. लहान वयात स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या, प्रतिसरकारच्या मुशीतून निघालेल्या या बाई. गेल ऑम्व्हेट आणि भारत पाटणकर त्यांच्या सोबत होते. तिकडे नगर जिल्ह्यात संगमनेरला 1988 साली परित्यक्तांची परिषद भरली. या बायकांनी काय मागितले? राहायला जागा, हाताला काम, आणि स्वतःच्या नावाची शिधापत्रिका. पुष्कळांना हे मागणे किरकोळ वाटले. साखर आणि रॉकेल यांच्यासाठी एवढा मोर्चा कशाला, असे विचारणारे होतेच. पण त्या बायकांना जे कळले होते, ते शिकल्यासवरल्यांना कळले नव्हते. सरकारदरबारी माणूस कागदाने ओळखला जातो, आणि दुसऱ्याच्या कागदावर असलेल्या बाईला दरबारात उभेच राहता येत नाही. पंचवीस वर्षांनी तेच कार्ड इस्पितळाचा प्रवेशपास होणार आहे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री हीच शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख, असे ठरवले. कासेगावच्या बायकांची मागणी कायद्याच्या भाषेत आली, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही गाडी अडते कुठे, ते सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईबरोबर आजोळी राहायची. धाकट्या भावाची शस्त्रक्रिया ठरली आणि कार्डाची शोधाशोध सुरू झाली. नव्या कार्डावर नाव घालायचे तर आधी जुन्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला हवा, आणि जुने कार्ड वडिलांकडे. मामाने हातापाया पडून तो दाखला आणला. शस्त्रक्रिया झाली, मुलगा बरा आहे. पण त्या तीन आठवड्यांत ती मुलगी वर्गात खिडकीबाहेर पाहत बसायची, आणि मी तिला प्रतिसरकारचा इतिहास शिकवत होतो. तो मला तेव्हा फार लांबचा वाटला.

1 जुलै 2024 पासून ही योजना पाच लाखांपर्यंतची आणि राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी झाली आहे. उत्पन्नाची भिंत पडली, हे चांगलेच झाले. पण एकक अजून कुटुंबच आहे, आणि मोडलेले कुटुंब कागदावर मोडायला वेळ लागतो. याउलट फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पाहा. तिथे डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते. मूल पटावर आहे ना, मग तपासले जाते. दोष आढळला तर पुढे पाठवले जाते. मूल कोणाच्या कार्डावर आहे, हा तपासणीपुरता तरी प्रश्न उरत नाही. माझ्या मते पुढची वाट हीच. विमा लेकराच्या नावाने असावा, म्हणजे आईबापांच्या भांडणात तो फाटणार नाही.

तोवर दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. लेक माहेरी राहायला आली, तर तिच्या भांड्याकुंड्यांच्या आधी तिच्या आणि लेकराच्या कार्डाची तजवीज करावी. लाज धरू नये. आजार लाज पाहून थांबत नाही. आणि पोटगीचा अर्ज करताना औषधोपचाराची रक्कम वेगळी मांडावी. तसे मागायला 1956 च्या व्याख्येचा आधार आहे.

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला आज क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव आहे. ज्यांच्या प्रतिसरकारने टाकलेल्या बाईचे गाऱ्हाणे पारावर ऐकून घेतले, त्यांच्या नावाच्या दारातून एखादी आई लेकराला कडेवर घेऊन आत जाते. तिला त्या दारात बापाचा पत्ता सांगावा लागू नये, एवढेच मागणे आहे.