शाळापत्रक, शिक्षणपत्रिका आणि गासची घरभाषा

वसई तालुक्यातील गास हे बागायती गाव सोपारे व निर्मळ यांच्या परिसरात वसलेले आहे. येथील सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांत जी बोली बोलली जाते तिला सामवेदी किंवा कादोडी म्हणतात. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर कोकणातील बोलींमध्ये सामवेदीची वेगळी नोंद आहे. विद्वानांना ही बोली शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. शाळेला ती कितपत ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र निराळा. शिक्षकांशी व पालकांशी बोलण्यासाठी मराठीत जी नियतकालिके निघाली, त्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

या नियतकालिकांचा आरंभ विद्याखात्यापासून होतो. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र विद्याखाते स्थापन झाले आणि गावोगावच्या मराठी शाळा एका शिस्तीखाली येऊ लागल्या. खेड्यातील पंतोजीला खाते भेटे ते मुख्यतः तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याच्या रूपाने. तो आला की शाळेची परीक्षा होई, पण शिक्षकाच्या शंकांचे निरसन होईलच असे नसे. १८६१ मध्ये निघालेल्या ‘मराठी शाळापत्रका’ने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचा या पत्राशी संबंध आला. पुढे मजकुराचा सूर खात्याला मानवेना आणि १८७५ मध्ये ते बंद करण्यात आले. तत्पूर्वी, १८७४ मध्येच, विष्णुशास्त्र्यांची ‘निबंधमाला’ सुरू झाली होती. तिच्या ख्यातीपुढे शाळापत्रक झाकोळून गेले आणि वाङ्मयेतिहासकारांनी त्याला एकदोन ओळींतच निकालात काढले. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने हा अन्यायच होय.

त्या काळातील भाषाविषयक वादाचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकांची मराठी घडत होती. मराठी लेखनात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. या पुस्तकी मराठीत इंग्रजी वळण शिरते, असा चिपळूणकरांसारख्यांचा आक्षेप होता. पंक्तीला बसलेले पक्ष असे दोन होते, एक साहेबाच्या मराठीचा आणि दुसरा शास्त्र्यांच्या मराठीचा. शाळेत बसलेले मूल घरून कोणती मराठी घेऊन येते, याची चौकशी करणारा तिसरा पक्ष त्या पंक्तीला नव्हता.

तो पक्ष निराळ्या वाटेने पुढे आला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत असे सुचविले. लोकांत मिसळणारा, त्यांच्या गरजा जाणणारा शिक्षक त्यांना हवा होता. भाषेचा मुद्दा त्यांनी स्वतंत्रपणे मांडला नसला, तरी ज्याला मुलाच्या घरचे बोलणे कळते असा शिक्षक या मागणीत गृहीतच आहे. गाससारख्या बागायतदारांच्या गावी तर ही मागणी अक्षरशः लागू पडते.

गासच्या भाषिक स्थितीला इतिहासाची आणखी एक बाजू आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि त्या दोन शतकांत येथील ख्रिस्ती समाज आकारास आला. धर्म बदलला तरी बोली टिकली. पुढे मराठी शाळा आल्या, तेव्हा उपासना लॅटिनमध्ये, लेखन-वाचन प्रमाण मराठीत आणि संसार सामवेदीत अशी विभागणी झाली. गासच्या मुलाला पुस्तकातील मराठी परकी नव्हती, पण घरचीही नव्हती. शिक्षकाला नेमके हेच उमगणे कठीण जाते. अगदी परकी भाषा असती तर तो समजून घेऊन शिकवता. जवळची असल्यामुळे प्रत्येक फरक त्याला अशुद्ध उच्चार वाटतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वसईच्या बोलींत ‘स’च्या ठिकाणी ‘ह’ उच्चारण्याची प्रवृत्ती आढळते. तीनुसार ‘सात’ हा अंक ‘हात’ असा ऐकू येतो. उजळणी म्हणताना मुलाच्या तोंडून ‘हात’ आला की वर्गात हशा पिकतो आणि गुरुजी चूक दुरुस्त करतात. वस्तुतः ही चूक नसून नियम आहे. गुजरातीच्या सुरती बोलीतही ‘सात’चा ‘हात’ होतो. संस्कृतातील ‘सप्त’ला अवेस्ता ‘हप्त’ हे रूप देते आणि सिंधूचे हिंदू होते तेही याच वाटेने. त्याच इराणी कुळातील फारसी ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवसांचा काळ मराठीत ‘हप्ता’ होऊन आला. कर्जाचा हप्ता भरणारा प्रमाणभाषकदेखील नकळत ‘ह’ने सुरू होणारा सातच उच्चारीत असतो. एवढी माहिती शिक्षकाजवळ असती तर हशाची जागा कुतूहलाने घेतली असती. शाळापत्रकाच्या काळी तुलनात्मक भाषाशास्त्र युरोपात भरभराटीस आले होते. मात्र खेड्यातील शिक्षकाच्या उपयोगी पडेल अशा रूपात ते मराठीत कोणी उतरविले नाही.

पालक या वाचकाकडे मराठी शिक्षणपत्रांचे लक्ष खऱ्या अर्थाने वळविले ते ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३३ मध्ये ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत निघू लागली. शाळापत्रक विद्याखात्याच्या आश्रयाने शिक्षकाशी बोलत होते. शिक्षणपत्रिका चळवळीची होती आणि आईबापांशीही बोलत होती. मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याला स्वतःच्या हाताने काम करू द्यावे, हे तिचे मुख्य सांगणे. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालविले. शिक्षणपत्रिकेचे संपादनही त्यांनी केले. बोर्डी व कोसबाड त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ पासून ती गाससह पालघर जिल्ह्यात आहेत. तेथे माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पाने व खडे वापरात आले. साधन मुलाच्या अंगणातले असावे हे तत्त्व कोसबादने सिद्ध केले. अंगणातील वस्तूंप्रमाणे अंगणातील शब्दही साधनच असतात, हा त्याचा पुढचा टप्पा मराठी शिक्षणपत्रांनी म्हणावा तसा गाठला नाही.

गासच्या घरांत मासिक नेमाने पोचले ते दुसऱ्याच वाटेने. वसईतील ख्रिस्ती समाजाचे ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक १९५५ मध्ये निघाले. पुढे १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेतही लॅटिनची जागा मराठीने घेतली. १९८३ ते २००७ या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो सुवार्ताचे संपादक होते आणि कुटुंबापासून पर्यावरणापर्यंतचे विषय त्यात येत राहिले. तेच पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईच्या ख्रिस्ती समाजातील प्रौढांना प्रमाण मराठीच्या नित्य वाचनाची सवय लावण्यात चर्च आणि सुवार्ता यांचा वाटा मोठा आहे. पण तेथेही छापील भाषा प्रमाण मराठीच राहिली. गासच्या आईबापांना मुलाच्या संगोपनाविषयी छापून जे काही सांगितले गेले, ते असे सदैव त्यांच्या दुसऱ्या भाषेत.

यानंतर साधनांची वाण राहिली नाही. १९६७ मध्ये बालभारती आणि १९७१ मध्ये ‘किशोर’ आले. शिक्षकांसाठी ‘जीवन शिक्षण’ व ‘शिक्षण संक्रमण’ ही मासिके झाली. १९८७ पासून ‘पालकनीती’ पुण्याहून निघू लागले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. तरतूद चांगली आहे. तथापि शाळेच्या दाखल रजिस्टरातील मातृभाषेच्या रकान्यात सामवेदी घरचे मूल ‘मराठी’ म्हणूनच नोंदले जाते आणि जनगणनाही अशा बोली मराठीतच मिळविते. कागदोपत्री कायद्याचे पालन होते. पहिलीत बसलेल्या मुलाचा पहिला महिना मात्र तसाच जातो. इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या पालकाला दोष देताना हेही विचारात घ्यावयास हवे. पुस्तकातील मराठी आणि इंग्रजी या दोन्ही शाळेतच शिकावयाच्या असतील, तर अधिक लाभाची भाषा निवडण्याचा त्याचा हिशेब सर्वस्वी चुकीचा ठरविता येत नाही. मराठी शाळेची बाजू खरोखर बळकट होते ती घरच्या बोलीपासून मराठीचे अंतर इंग्रजीपेक्षा कितीतरी कमी आहे या वस्तुस्थितीमुळे, आणि हे अंतर शिक्षकाने मोजून दाखविले तरच.

ते मोजण्यास मोठा ग्रंथ लागत नाही. ‘स’ आणि ‘ह’ यांसारख्या नियमित ध्वनिभेदांचा दोन पानी तक्ता, सर्वनामे व क्रियापदांची रूपे समोरासमोर, आणि केळीची बाग, पानवेल, विहीर, स्वयंपाकघर यांतील शेदोनशे शब्द एवढे साहित्य पहिलीच्या शिक्षकाला पुरे. कादोडीत अलीकडे लेखन होऊ लागले आहे. गासच्या आज्या-आजोबांच्या मुखी शब्दांचा तर साठाच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाने एका सुटीत हाती घेण्याजोगे हे काम आहे. तक्ता तयार झाल्यावर तो प्रथम शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालकांसमोर वाचला जावा, कारण त्यातील चुका तेच दाखवू शकतील.