रंगांतलीं विमानें, रणांतले वैमानिक

लोहगांवच्या तळावरून उडालेलें लढाऊ विमान भोसरी-चाकणच्या बाजूस आलें म्हणजे कारखान्यांतून बाहेर पडणारा कामगार मान वर करतो. पण आवाज कानीं पडून दृष्टि वर जाईतों विमान पुढें निघून गेलेलें असतें. आकाशांत त्याची खूण राहत नाहीं, आणि आंत बसलेल्या माणसाचा चेहरा तर कोणासच दिसत नाहीं. तो क्षण धरून ठेवण्याची हौस ज्या चित्रकारांना लागली, त्यांच्या कलेचा इतिहास अवघ्या शंभर वर्षांचा आहे. त्या इतिहासांत महाराष्ट्राचाहि थोडा वांटा आहे.

या कलेचा खरा आरंभ पहिल्या महायुद्धांत झाला. सिडनी कार्लाइन हा चित्रकार स्वतः लढाऊ विमान चालवीत असे. त्यामुळें वरून पाहिलेली पृथ्वी आणि ढगांमागून झडप घालणारें विमान या गोष्टी त्याला ऐकीव माहितीवर रंगवाव्या लागल्या नाहींत. पुढील महायुद्धांत पॉल नॅश या इंग्रज चित्रकारानें निराळी वाट धरली. ऑक्सफर्डजवळ पाडलेल्या जर्मन विमानांच्या मोडतोडीचा ढीग सांठविला होता. १९४०-४१ मध्यें त्यानें तो चांदण्यांत गोठलेल्या समुद्रासारखा रंगविला. त्या चित्रांत विजयाचा जल्लोष नाहीं, माणूसहि नाहीं. पंखांच्या लाटा तेवढ्या किनाऱ्याशीं निश्चल पडलेल्या आहेत.

हिंदी वैमानिकांची कथा याच पहिल्या युद्धापासून सुरू होते. हिंदी माणसाला वैमानिकाचा अधिकार मिळणें त्या काळीं अत्यंत अवघड होतें. १९१७ सालीं तें दार कसेंबसें उघडलें. त्या दारांतून आंत गेलेल्या मोजक्या तरुणांपैकीं श्रीकृष्ण वेलिणकर हे मुंबईचे. ते २३ व्या तुकडींत सॉपविथ डॉल्फिन जातीचें विमान चालवीत. १९१८ च्या जूनअखेरीस फ्रान्सच्या आकाशांत ते पाडले गेले आणि शत्रूच्या ताब्यांत असतांनाच जखमांनीं मरण पावले. त्यांचें दफन करणाऱ्या परक्या हातांना त्यांचें नांवहि नीट लिहितां आलें नाहीं. पुढें शोध करून त्यांची कबर ओळखावी लागली.

त्यांचेच समकालीन बंगालचे इंद्रलाल रॉय. जुलै १९१८ मध्यें दोन आठवड्यांच्या आंत त्यांनीं शत्रूचीं दहा विमानें पाडलीं आणि २२ जुलै रोजीं ते स्वतः पडले. त्या वेळीं त्यांचें वय एकोणीस वर्षांचें होतें. रॉय यांना चित्रकलेचा नाद होता. त्यांनीं काढलेलीं विमानांचीं रेखाचित्रें आजहि शिल्लक आहेत. विमान रंगविणारा आणि विमानांतून लढणारा हे दोघे येथें एकाच माणसांत भेटतात. हातांत कधीं पेन्सिल आणि कधीं विमानाची कळ धरणाऱ्या या मुलाला आपलीं चित्रें हीच आपली आठवण ठरतील, याची कल्पना कोठून असणार!

दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशच्या आघाडीवर हिंदी हवाईदल मुख्यतः हरिकेन विमानांवर लढलें. चित्रांत पाहावें तर दोन विमानांची समोरासमोर झुंज. प्रत्यक्षांत मेहरसिंग यांच्या सहाव्या तुकडीचें मोठें काम अरण्यावरून अगदीं खालून उडून शत्रूच्या वाटा टिपून आणण्याचें होतें. तें काम नेत्रदीपक नव्हतें, पण जमिनीवरच्या सैन्याचे डोळे तेच होते. अशा कामाचीं चित्रें थोडीं, कारण टेहळणीपेक्षां ज्वाळांना रंग अधिक चढतो. या कलेचा मोहहि येथेंच आहे आणि दोषहि येथेंच आहे.

जाणता प्रेक्षक मात्र चित्राला प्रश्न विचारतो. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी विमानांवरील तांबड्या गोळ्याशीं गोंधळ होऊं नये म्हणून दोस्तांच्या विमानांवरील वर्तुळांतला तांबडा ठिपका काढून टाकला होता. त्या आघाडीवरील १९४४ च्या हरिकेनवर कोणी तांबडा ठिपका रंगविला, तर त्या चित्रकारानें अभ्यास केलेला नाहीं असें खुशाल समजावें. पिंपरी-चिंचवडच्या यंत्रशाळांत केंसाएवढा फरक मोजणाऱ्या हातांना ही शिस्त नवी नाहीं.

हवाईदलाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९५८ सालीं टपाल तिकिटें निघालीं. त्यांवर जुनें वापिती विमान आणि त्या वेळचें नवें हंटर विमान अशीं दोन्ही युगें शेजारीं मांडलीं होतीं. बोटभर कागदावरचें हें विमानचित्र घरोघरीं पोंचलें, पण वैमानिकाचें तोंड त्यावर नव्हतें. इंद्रलाल रॉय यांचें स्वतंत्र तिकीट निघावयास १९९८ साल उजाडावें लागलें.

प्रत्येक वैमानिकाला असें चित्र लाभत नाहीं. मुंबईंत जन्मलेले हृषीकेश मुळगांवकर यांना काश्मीरच्या १९४७-४८ च्या लढाईंतील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळालें. १९७६ ते १९७८ या काळांत ते हवाईदलाचे प्रमुख होते आणि २०१५ सालीं दीर्घायुषी होऊन पुण्यास निवर्तले. त्यांना आपली हकीकत सांगावयास आयुष्य मिळालें. वेलिणकरांना तें मिळालें नाहीं. म्हणून विमानचित्राची कसोटी पाडलेल्या विमानांच्या संख्येवर लावूं नये. पंख, वर्तुळें आणि यंत्र यथातथ्य असावींतच. पण कांचेआडच्या त्या लहानशा ठिपक्यांत एक नांव असलेला माणूस बसला आहे, याची जाणीव पाहणाराला झाली पाहिजे. ज्याचें नांव परक्या भूमींत चुकीचें लिहिलें गेलें, त्याचें ऋण निदान चित्रांत तरी बरोबर लिहून फेडलें जावें.