तीन देशांच्या नौदलात राहिलेली 'आयएनएस दिल्ली' मुंबईत निवृत्त झाली, पण तिच्या तोफा न्यूझीलंडला गेल्या

२०१६ साली आकुर्डीच्या बजाज ऑटोने 'व्ही १५' बाईक आणली. तिच्या पेट्रोल टाकीत मुंबईत मोडीत काढलेल्या 'विक्रांत'चा धातू आहे, ही जाहिरात तुम्हाला आठवत असेल.

त्याच मुंबईत १९७८ साली आणखी एक युद्धनौका निवृत्त झाली होती. तिच्या आठवणीत कुणी बाईक काढली नाही, पण तिचा प्रवास विक्रांतपेक्षाही भन्नाट आहे. ती म्हणजे जुनी आयएनएस दिल्ली. (दिल्लीला समुद्र नाही, हा जोक करून झाला असेल तर पुढे जाऊ.)

ही क्रूझर, म्हणजे फ्रिगेटपेक्षा मोठी नौका. १९३२ साली इंग्लंडमधल्या बर्कनहेडला तिचं जलावतरण झालं आणि नाव पडलं 'अकिलीस'. १९३६ मध्ये ब्रिटिशांनी ती न्यूझीलंडसाठी दिली, त्यामुळे खलाशी निम्म्याहून जास्त न्यूझीलंडचे.

१३ डिसेंबर १९३९. दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटच्या मुखाशी अकिलीस, एजॅक्स आणि एक्सिटर या तीन क्रूझर्सनी जर्मनीच्या 'ग्राफ श्पे'ला गाठलं. जर्मन तोफा ११ इंची, अकिलीसच्या ६ इंची. अकिलीसवर चार जण गेले, कॅप्टन एडवर्ड पॅरी यांच्या पायात गोळ्याचे तुकडे घुसले. तरी माघार घेतली ती ग्राफ श्पेने. माँटेव्हिडिओ बंदरात आसरा घेऊन चार दिवसांनी जर्मन कॅप्टनने ती स्वतःच बुडवली.

१९४१ मध्ये न्यूझीलंडचं स्वतंत्र नौदल झालं आणि अकिलीस त्यात आली. जानेवारी १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी बॉम्बने तिच्या तोफांचा एक टरेट उडवला, १३ जण मारले गेले. युद्ध संपल्यावर ती पुन्हा ब्रिटिशांकडे गेली.

इकडे फाळणीत नौदलाचीही वाटणी झाली होती. 'शमशेर' आणि 'धनुष' या फ्रिगेट्स पाकिस्तानकडे, 'तीर' आणि 'कुकरी' भारताकडे. क्रूझर मात्र एकही नव्हती. म्हणून भारताने अकिलीस विकत घेतली. ५ जुलै १९४८ रोजी ती 'दिल्ली' झाली, नौदलाची फ्लॅगशिप.

आणि पुढच्याच महिन्यात भारतीय नौदलाचे प्रमुख म्हणून कोण आलं? तेच एडवर्ड पॅरी. ज्या जहाजावर जखमी झाले, तेच आता त्यांच्या हाताखालच्या ताफ्यात सगळ्यात मोठं.

१९५० मध्ये नेहरू याच जहाजातून इंडोनेशियाला गेले. रिव्हर प्लेटच्या लढाईवर १९५६ मध्ये इंग्रजी सिनेमा आला, त्यात अकिलीसचं काम केलं खुद्द दिल्लीने. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी ती दीवसमोर उभी होती. १९६९ मध्ये न्यूझीलंडला गेली, तेव्हा जुने खलाशी तिला भेटायला आले.

३० जून १९७८ रोजी ती निवृत्त झाली आणि भंगारात निघाली. भारताने तिचा एक टरेट न्यूझीलंडला भेट दिला. तो आजही ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर आहे.

सध्याची आयएनएस दिल्ली वेगळी. ती १९९७ मध्ये नौदलात आली, माझगाव डॉकमध्ये बांधलेली.