बैलाच्या पोटातून पाणथळीकडे : लपणाची कुळकथा

पाणथळीच्या काठी कापडाचा, गवताचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा जो माणूसभर आडोसा उभारून पक्ष्यांचे छायाचित्रकार त्यात तासन्‌तास बसून राहतात, त्याला मराठी पक्षिनिरीक्षक ‘लपण’ म्हणतात. हे साधन पक्षिप्रेमातून जन्मले असावे असा समज सहज होतो. परंतु त्याचे मूळ शिकारीत आहे, आणि शिकाऱ्याकडून छायाचित्रकाराकडे येताना त्याच्या रूपात जेवढा बदल झाला त्यापेक्षा कितीतरी मोठा बदल त्याच्या वापरात झाला.

युरोपातील दलदलींत रानबदके टिपणारे शिकारी पूर्वी शिकवून तयार केलेल्या घोड्याच्या आडून, त्याच्या संथ पावलांशी पाऊल जुळवत, थव्याच्या जवळ सरकत असत आणि असा घोडा हाताशी नसला तर चौकटीवर ताणलेल्या कापडावर रंगवलेला घोडा किंवा बैल पुढे धरून तेच काम साधत. पाण्याकाठी चरणारे जनावर पक्ष्यांच्या रोजच्या पाहण्यातले असल्यामुळे त्यांना त्याची भीती वाटत नाही, हे या युक्तीमागचे साधे निरीक्षण होते. भारतातही ते स्वतंत्रपणे झालेले दिसते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील बृहद्ग्रंथात पारध्यांच्या पोटशाखांची नोंद करताना बैलाच्या आडून सावज गाठणाऱ्या ‘गायके’ या शाखेचा उल्लेख केला आहे.

छायाचित्रणाच्या इतिहासात ही युक्ती आणली ती यॉर्कशायरमधील थ्वेट या खेड्यातून आलेल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी. त्यांनी १८९२ साली कस्तुराच्या जातीच्या एका पक्ष्याच्या अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील, निसर्गातच घेतलेल्या छायाचित्रांनी सजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. घरटे जागचे हलत नाही, त्यामुळे तिथवरचा मार्ग सोपा होता. घरट्यावर बसलेला पक्षी टिपायचा म्हटल्यावर मात्र अडचण उभी राहिली. त्या काळातील काचेच्या पट्ट्यांवरचा प्रकाशसंवेदी लेप मंद होता, म्हणजे चित्र उमटण्यासाठी त्याला प्रकाश अधिक वेळ मिळावा लागे, आणि दूरचे जवळ आणणारी भिंगे त्या पट्ट्यांसाठी फारशी उपयोगी नव्हती. साहजिकच कॅमेरा पक्ष्यापासून काही हातांवर न्यावाच लागे. तेव्हा या बंधूंनी कृत्रिम झाडाचे खोड तयार केले, मेंढीचे कातडे वापरले आणि १९०० च्या सुमारास खऱ्या बैलाचे कातडे हलक्या सांगाड्यावर चढवून आतून पोकळ असा बैल बनवला. छायाचित्रकार या बैलाच्या पोटात शिरून उभा राही आणि कातड्यातील छिद्रातून भिंग बाहेर रोखी. आज या बैलाचे छायाचित्र पाहून हसू येते, आणि आत वाकून उभे राहणाऱ्याचे हाल काय होत असतील याची कल्पनाही करवत नाही. तरीही विचार चुकीचा नव्हता, तो फक्त शिकाऱ्याकडून जसाच्या तसा उचललेला होता.

हेच त्याचे दुबळेपणही होते. शिकाऱ्याचा आडोसा पक्ष्याजवळ पोचण्यासाठी असतो, आणि बार उडाला की त्याचे काम संपते. पक्षी पुढे परत येतो की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. छायाचित्रकाराला मात्र पक्षी परत यायला हवा असतो, तोही वारंवार आणि निर्धास्तपणे. म्हणून पक्ष्याला फसवील असा आडोसा शोधण्यापेक्षा पक्ष्याने दखल घेणे सोडून द्यावे असा आडोसा उभा करणे अधिक फलदायी ठरते, आणि त्यासाठी बैलाच्या रूपाची काहीच गरज नसते. पक्षी घाबरतो तो माणसाच्या आकृतीला आणि हालचालीला. चार काठ्यांवर ताणलेले, वाऱ्याने न फडफडणारे मातकट कापड काही काळाने त्याच्या लेखी खडकासारखे होते.

या बदलात पाणथळीचा वाटा मोठा आहे, कारण बोरू आणि पाणकणसांच्या दाटीत राहणारे पक्षी मुळातच लपून जगणारे. बगळ्याच्या कुळातील बिटर्न हा पक्षी धोक्याची चाहूल लागताच चोच आभाळाकडे रोखून ताठ उभा राहतो, अंगावरच्या उभ्या रेघांमुळे बोरूंत मिसळून जातो आणि वारा असेल तर बोरूंबरोबर डुलतोही. इंग्लंडच्या नॉर्फोक भागातील उथळ जलाशयांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या एमा टर्नर (१८६७–१९४०) यांनी छायाचित्रणाकडे वळण्याची प्रेरणा रिचर्ड कीर्टन यांच्या भेटीतून घेतली. पण त्यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी हिकलिंग ब्रॉड या जलाशयावर राहण्यासाठी एक नौकागृह बांधून घेतले, त्याला ‘वॉटर रेल’ हे बोरूंत लपणाऱ्या फटाकडीच्या जातीच्या एका पक्ष्याचे नाव दिले, आणि तिथल्या एका छोट्या बेटावर झोपडीही उभारली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधून वीण थांबलेल्या बिटर्नचे पिलू त्यांना आणि रखवालदार जिम व्हिन्सेंट यांना १९११ मध्ये तिथे सापडले, आणि त्याचे छायाचित्र हा पक्षी पुन्हा वीण करू लागल्याचा पहिला पुरावा ठरले. येता-जाता केलेल्या फेऱ्यांतून असा पुरावा हाती लागणे अवघडच होते; तिथे वस्ती करणे हाच टर्नर यांच्या तंत्राचा गाभा म्हणावा लागेल.

लपणाची शिस्त पुढे घडत गेली आणि एरिक हॉस्किंग (१९०९–१९९१) यांच्या पिढीपर्यंत तिला ठरीव रूप आले. लपण प्रथम घरट्यापासून बरेच दूर उभारायचे, पक्ष्याने ते स्वीकारले आहे याची खात्री झाली की थोडे पुढे सरकवायचे, आणि हे काही दिवस टप्प्याटप्प्याने करत राहायचे. भिंगाच्या जागी आधीपासूनच बाटलीचे बूड किंवा डबा खोचून ठेवायचा, म्हणजे खरे भिंग आल्यावर पक्षी बिचकत नाही. आणि आत जाताना सोबत दुसरा माणूस न्यायचा, त्याने थोड्या वेळाने सर्वांदेखत निघून जायचे, म्हणजे लांबून पाहणाऱ्या पक्ष्याला आडोसा रिकामा झाल्यासारखे वाटते. हे तिसरे तंत्र सर्वांत चतुर आहे, कारण त्यात आडोशाची कारागिरी नसून पक्ष्याच्या हिशेबाची मर्यादा वापरलेली आहे. बोरूंच्या बाबतीत आणखी एक नियम होता : घरट्यापुढचे दांडे तोडायचे नाहीत, ते दोऱ्याने बाजूला बांधायचे आणि काम संपताच सोडून द्यायचे. उघडी पडलेली अंडी उन्हाने तापतात, आणि कावळ्यांना वाट सापडते ती वेगळीच. हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ मध्ये लपणाकडे जाताना एका घुबडाने घायाळ केला आणि तो गमवावा लागला, तरी त्यांनी हे काम सोडले नाही.

भारतात लोदर यांचे १९४९ साली आलेले पक्षिछायाचित्रणावरील पुस्तक, आणि महायुद्धाच्या काळात सिंगापूर सोडून भारतात आलेले, सालीम अली यांच्या सहवासात पक्षी शिकलेले लोक वान थो यांचे १९५७ सालचे पुस्तक, ही दोन्ही याच लपणपरंपरेची फळे होत.

घरट्याला केंद्र मानणाऱ्या या परंपरेला पुढे दोन बाजूंनी कात्री लागली. वेगवान फिल्म आणि लांब पल्ल्याची भिंगे आल्याने घरट्यापाशी जाण्याची तांत्रिक गरज उरली नाही. आणि ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने दुर्मिळ पक्ष्यांना घरट्यापाशी मुद्दाम त्रास देणे गुन्हा ठरवले, त्यामुळे अशा छायाचित्रणाला परवाना लागू लागला. आजचे बहुतेक जाणते छायाचित्रकार घरट्यावरचे चित्र टाळतात. लपण आता घरट्याऐवजी पक्षी जिथे चरतो किंवा पाणी पितो तिथे उभे राहते.

महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर येथे पक्षिनिरीक्षणासाठी कायमस्वरूपी मनोरे बांधलेले आहेत, तर उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ मासेमारांच्या नावेतून रोहित पक्षी पाहिले जातात. नाव ही तिथल्या पक्ष्यांच्या रोजच्या पाहण्यातली, म्हणून ती लपणाचे काम करते. गायके पारध्यांच्या बैलाचे तत्त्वच इथे पाण्यावर लागू पडते, आणि त्याचा जुना दोषही सोबत येतो, कारण नाव पुढे सरकू शकते आणि उडत्या थव्याच्या चित्रासाठी ती थव्यात घुसवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. कायमच्या लपणाला हा मोह नाही. ते वर्षभर उभे असल्याने लाजरी पाणकोंबडीसारखा आडोशाआडून वावरणारा पक्षीही त्याला सरावतो, आणि पक्ष्याला सवय लावण्याचे काम पूर्वी छायाचित्रकाराला करावे लागे ते बांधकाम स्वतःच करून टाकते. त्याच्या मोबदल्यात सूर्याची दिशा मात्र निवडता येत नाही. सकाळचा उजेड समोरून डोळ्यांत येत असेल तर छायाचित्रकाराला दुपारपर्यंत थांबावे लागते.